अंगवळणी पडलेलं सुटतं तेव्हा

घरातल्या घरात चालणाऱ्या माणसाच्या चपलांचा आवाज आपण ऐकत नाही, कारण दोन्ही पायांचा तो सारखाच येतो. सट-सट, सट-सट. एखाद्या वर्षी त्यातला एक आवाज लांबायला लागतो: सट-सर्रर, सट-सर्रर. उजवं पाऊल उचललं जातं, डावं घासत येतं. चपला उलट्या करून पाहिल्या तर डावीचं टोक जास्त झिजलेलं असतं. त्याच बाजूचा हात चालताना कोपरात किंचित वाकून अंगाशी राहतो, झुलत नाही. घरच्यांना वाटतं, वय झालं. खांदा आखडतो, दुखतो, म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे जाणं होतं. ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणून शेक आणि व्यायाम सुरू होतात, आणि त्यात सहज वर्ष निघून जातं.

पण त्याच माणसाला म्हणा, ‘काका, जरा हात हलवत चाला बघू.’ हात व्यवस्थित हलतो! म्हणजे जोर गेलेला नाही आणि सांध्यालाही काही झालेलं नाही. लक्ष दिलं की हात झुलतो, लक्ष रस्त्यावरच्या ओळखीच्या चेहऱ्याकडे गेलं की थांबतो. पार्किन्सन्सच्या सुरुवातीच्या काळात मेंदूत काय होतं हे समजायला मला याहून सोपं दार माहीत नाही.

मराठीत आपण ‘अंगवळणी पडणं’ म्हणतो. डोक्याला विचारावं न लागता अंगाने घेतलेलं वळण. चालताना हात झुलणं, बोलताना चेहरा हलणं, सही करणं, शर्टाची बटणं लावणं, निऱ्या घालणं, कुशीवर वळणं. या आजारात आधी सुटतं ते हेच. अवघड, नवं, विचार करून करायचं काम कितीतरी दिवस जमत राहतं. त्यामुळे हिशेब चोख ठेवणारा माणूस पांघरूण नीट करताना अडतो आणि घरच्यांना तो आळस वाटतो.

नावाने या आजाराचं नुकसानच केलं आहे. आपल्याकडे कंपवात, आणि लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांवरून लिहिलेल्या निबंधातही ‘थरथरता पक्षाघात’. त्या सहांतले काही तर त्यांनी रस्त्यात चालताना पाहिलेले होते, म्हणजे निरीक्षण चालीचं होतं. पुढे पॅरिसमध्ये चेतातज्ज्ञ शार्को यांनी या नावावर आक्षेप घेतला: पक्षाघातासारखी शक्ती जात नाही, आणि थरथर प्रत्येकाला असतेच असंही नाही. आजार पार्किन्सन यांच्या नावाने ओळखला जावा ही सूचना त्यांचीच. तरीही ‘हात कुठे कापतोय? मग पार्किन्सन्स कसा?’ हे वाक्य आजही ऐकू येतं. सुरुवातीला कंप नसलेले रुग्ण साधारण चारात एक असतात. निदानासाठी अनिवार्य लक्षण आहे ते मंदपणाचं. त्याच्या जोडीला विश्रांतीतला कंप किंवा स्नायूंचा ताठरपणा, दोन्हींपैकी एक पुरे.

आता मेंदूत. कानांच्या पातळीवर, खोल मध्यमेंदूत, डावी-उजवीकडे एकेक काळपट पट्टी असते: सबस्टॅन्शिया नायग्रा. शब्दशः ‘काळा पदार्थ’. तान्ह्या बाळाच्या मेंदूत ती काळी नसते. डोपामीन, म्हणजे मेंदूतल्या पेशींचं निरोप पोचवणारं रसायन, बनवणाऱ्या पेशींत न्यूरोमेलॅनिन नावाचं रंगद्रव्य वर्षांमागून वर्षं साठत जातं आणि पट्टी गडद होते. उतारवयात ती सर्वांत काळी असायला हवी. पार्किन्सन्सने गेलेल्या माणसाचा मध्यमेंदू आडवा कापला की ती फिकट दिसते, आणि हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. १९१९ साली पॅरिसमध्ये त्रेत्याकॉफ यांनी आपल्या प्रबंधात या पट्टीवर बोट ठेवलं. त्याआधी, १९१२ मध्ये, जर्मनीत लेवी यांना रुग्णांच्या मेंदूपेशींत गोल गाठोडी दिसली होती. ती मुख्यतः अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाची असतात हे कळायला मात्र १९९७ उजाडलं.

माणसाच्या मेंदूत चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी. त्यांतल्या या कामाच्या पेशी दोन्ही बाजू मिळून चार-पाच लाख. त्यांचं काम मात्र अवाढव्य आहे. एकेका पेशीच्या तंतूला इतके फाटे फुटतात की अंदाजाने दहा लाखांहून जास्त जोडण्या तिच्या एकटीच्या नावावर असतात. शिवाय या पेशी कुणी हलवलं नाही तरी स्वतःहून ठोके देत राहतात, आणि प्रत्येक ठोक्याला आत कॅल्शियम शिरतं. ते बाहेर उपसायला ऊर्जा लागते. एका मोटरवर अख्ख्या गावाचं पाणी असावं आणि ती मोटर चोवीस तास चालू असावी, तसं. अशा योजनेत आधी कोरडा पडतो तो शेवटचा नळ. इथेही तेच होतं: पेशी मरण्याआधी तिच्या तंतूंची टोकं सुकतात. हालचालीची लक्षणं डोळ्यांवर येतात तेव्हा पट्टीतल्या साधारण ३० ते ५० टक्के पेशी गेलेल्या असतात, पण तंतू जिथे पोचतात तिथली टोकं त्याहून जास्त, ६० टक्क्यांच्या पुढे. अभ्यासागणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, क्रम तोच राहतो.

हे तंतू पोचतात मेंदूच्या गाभ्यातल्या पुटामेन नावाच्या भागात, आणि नुकसान तिथे सगळीकडे सारखं होत नाही. पुटामेनच्या मागच्या भागातलं डोपामीन आधी आणि जास्त आटतं, पुढचा भाग बराच काळ तग धरतो. नवं काम शिकताना पुढचे भाग जास्त राबतात. तेच काम हजारदा करून झालं की त्याची सूत्रं मागच्या भागाकडे जातात. अंगवळणी पडलेलं सगळं तिथे मुक्कामाला असतं, आणि आजार नेमका त्याच खोलीतला दिवा आधी घालवतो. झुलता हात थांबतो आणि ‘हलवा’ म्हटलं की हलतो, त्याचं कारण हे.

‘वय झालं’ या समजुतीला उत्तरही याच पट्टीत आहे. वयाने पेशी सगळ्यांच्याच कमी होतात. लंडनच्या मेंदूपेढीतल्या मेंदूंवरच्या १९९१ च्या अभ्यासात ही घट दशकाला पाच टक्क्यांच्या आसपास निघाली, आणि ती पट्टीच्या वरच्या थरात जास्त होती. पार्किन्सन्समध्ये सगळ्यात आधी झडतो तो खालचा, बाहेरच्या कडेचा थर. म्हणजे वाढत्या वयाचा वेग दुप्पट केला की पार्किन्सन्स, असं हे गणित नाही. झीज उलट दिशेने होते.

आजार या पट्टीपासून सुरू होतो असंही नाही. २००३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ब्राक यांनी मांडलेल्या क्रमानुसार प्रथिनाची गाठोडी आधी वासाच्या केंद्रात आणि मेंदूच्या देठात, आतड्यांशी जोडलेल्या केंद्रात दिसतात. सगळे रुग्ण या क्रमात बसत नाहीत. पण फोडणी करपली तरी वास न येणं, हट्टी बद्धकोष्ठ, झोपेत स्वप्नातल्या माणसाला लाथा-बुक्क्या मारणं, हे हात कापण्याच्या कितीतरी वर्षं आधी असू शकतं. एकटं बद्धकोष्ठ पाहून कुणी घाबरू नये. पुष्कळ घरांत ते असतंच.

डोपामीनचा हा धागा सापडला कसा, याची सुरुवात आपल्याकडच्या एका मुळीशी जाऊन भिडते. सर्पगंधा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरच्या तिच्या उपयोगाबद्दल ब्रिटिश नियतकालिकात लिहिलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. थोड्याच वर्षांत तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्ण संथ आणि ताठर व्हायचे, पार्किन्सन्ससारखे. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना डोपा, म्हणजे ज्यापासून मेंदू डोपामीन बनवतो तो पदार्थ, टोचलं, आणि काही मिनिटांत कान उभे करून ते हिंडू लागले. रेसर्पिनने मेंदूतलं डोपामीन रिकामं केलं होतं, डोपाने ते भरून निघालं. १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकीविच यांनी रुग्णांच्या मेंदूतच डोपामीनचा खडखडाट दाखवला. १९६७ मध्ये अमेरिकेत कोटझियास यांनी अगदी थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवत डोपा तोंडाने देऊन ते उपचारात बसवलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

सशाची गोष्ट जुनी असली तरी त्यातला ससा आजही आपल्या घरात बसलेला असतो. मेंदूची पट्टी शाबूत, पण औषधाने डोपामीनची वाट अडवलेली, असे कितीतरी रुग्ण आपल्याकडे पार्किन्सन्स म्हणून हिंडतात. ॲसिडिटीच्या काही कॅप्सुलमध्ये रॅबेप्रॅझोल किंवा पॅन्टोप्रॅझोलच्या सोबत लेव्होसल्पिराइड असतं. ‘जेवणाआधीची गॅसची गोळी’ म्हणून ती दोन-दोन वर्षं चालू राहते. चक्करेसाठी सिनारिझिन, मायग्रेनसाठी फ्लुनारिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेरॅझिन, यांचीही जात तीच. असा मंदपणा बऱ्याचदा दोन्ही बाजूंना सारखा येतो, आणि औषध थांबवल्यावर उतरायला आठवडे ते महिने लागतात. कधी कधी औषध फक्त आत दडलेला आजार उघडा पाडतं आणि लक्षणं मागे राहतात. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नसते, पण कॅप्सुलच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

तपासणीतली सगळ्यात साधी गोष्ट बोटांची. खुर्चीत बसायचं, एक हात वर धरायचा, तर्जनी अंगठ्यावर टेकवायची आणि उघडायची. जितकी मोठी आणि जितकी भरभर जमेल तितकी, दहा वेळा, मग दुसऱ्या हाताने. दहा हा अधिकृत मोजपट्टीतला आकडा. अगदी सुरुवातीच्या आजारात खरी घसरण दहानंतर दिसू शकते, म्हणून पंधरा-वीस सेकंद चालू ठेवलेलं बरं. पाहणारे नेहमी वेग पाहतात आणि तिथेच चुकतात. बघायची ती बोटांमधली फट. पहिल्या टिचकीला तर्जनी आणि अंगठा यांच्यामध्ये लिंबू मावेल, पाचव्याला सुपारी, बाराव्याला ज्वारीचा दाणा. मध्येच एखादी टिचकी अडखळते, बोट क्षणभर चिकटल्यासारखं थांबतं, पुन्हा सुरू होतं. ही उतरती कमान पार्किन्सन्सची खूण आहे. संधिवाताची बोटंही हळू चालतात, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्याच संथपणे. उजव्या हाताने कामं करणाऱ्या माणसाचा डावा हात थोडा मागे पडणारच, तेवढ्याने काही सिद्ध होत नाही.

या तपासणीत आणखी एक चूक हमखास होते. कसं करायचं ते दाखवताना तपासणारा स्वतः बोटं वाजवत राहतो, आणि समोरचा माणूस त्याच्या तालावर छान वाजवतो. डोळ्यांना बाहेरून ताल मिळाला की मेंदू आडवाटेने काम काढून घेतो आणि दोष झाकला जातो. म्हणून दाखवायचं आणि आपला हात खाली घ्यायचा. ताठरपणाचं याच्या उलट: मनगट सैल धरून फिरवताना काहीच हाताला लागत नाही, पण रुग्णाला दुसऱ्या हाताची मूठ उघड-मीट करायला सांगितली की तपासत असलेल्या मनगटात कडकपणा येतो, कधी दातेरी चाक फिरावं तसा.

अक्षराचंही तसंच. कोऱ्या कागदावर एकच वाक्य पाच-सहा वेळा लिहायला सांगावं. पहिली ओळ नेहमीसारखी येते, खाली येता येता अक्षर बारीक आणि दाट होतं, काने आखडतात. तेच वाक्य दुरेघी वहीत लिहिलं की अक्षर दोन रेघांना धरून पुष्कळ सावरतं. बँकेत सही जुळत नाही म्हणून चेक परत येणं हा काही घरांतला पहिला इशारा असतो, फक्त तो कुणी डॉक्टरांना सांगत नाही.

कंपाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो सेकंदाला चार ते सहा वेळा होतो आणि हात निवांत मांडीवर असताना दिसतो. टीव्ही बघताना अंगठा आणि तर्जनी गोळी वळल्यासारखी हलतात, कप उचलायला हात पुढे गेला की थांबतात. कप तोंडाकडे नेताना चहा हिंदकळत असेल आणि दोन्ही हातांना ते होत असेल, तर बहुतेक वेळा तो वेगळा, ‘इसेन्शियल ट्रेमर’ म्हणतात तो असतो. फसवणारी एक जागा आहे: पार्किन्सन्सचा कंप हात पुढे पसरल्यावर थांबतो आणि काही सेकंदांनी परत उगवतो. घाईने पाहणाऱ्याला तो दुसराच वाटतो. शंभरातून सात-सात वजा करायला लावलं की विश्रांतीतला लपलेला कंप बाहेर येतो. कंपाचा जोर आणि डोपामीनची घट यांचं प्रमाण मात्र नीट जुळत नाही, कारण त्या खेळात लहान मेंदूचं वर्तुळही उतरतं. त्यामुळे गोळीने चाल सुधारते आणि हात कापतच राहतो, असं होऊ शकतं. औषध निकामी आहे असा त्याचा अर्थ नाही.

‘एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे पार्किन्सन्स नाही ना?’ नेहमीचा एमआरआय या आजारात नॉर्मलच यायला हवा. तो काढतात ते मेंदूतलं पाणी वाढलंय का, बारीक झटके येऊन गेलेत का, मध्यमेंदू चपटा झालाय का, हे बघायला. अहवालात वयोमानानुसार मेंदू आकसल्याचा शेरा असतो आणि घरचे त्यावर रात्र काढतात. त्या शेऱ्याचा या पट्टीशी संबंध नाही. नेहमीच्या छेदांची जाडी कितीतरी वेळा पाच मिलिमीटर असते आणि आधी झडणारा पेशींचा पुंजकाच जेमतेम काही मिलिमीटरचा. त्याच्यासाठी तीन टेस्लाचं, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचं यंत्र आणि लोह टिपणारी पातळ छेदांची पद्धत लागते. निरोगी मेंदूत त्या पुंजक्याची पांढुरकी रेघ दोन काळ्या रेघांमध्ये उठून दिसते, माळभिंगरी पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीसारखी. पार्किन्सन्समध्ये मधला पांढरा भाग काळा पडतो आणि शेपटी मिटते. यंत्रात डोकं जरा हललं की शेपटी निरोग्याचीही मिटलेली दिसते, त्यामुळे या एका चित्रावर फार भार टाकू नये.

तंतूंची टोकं दाखवणारा स्कॅन वेगळा असतो. डोपामीन परत शोषणाऱ्या जागांना चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात. आपल्याकडे त्यासाठी टेक्नेशियमवर बेतलेलं ट्रोडॅट वापरतात. निरोगी चित्रात दोन बाजूंना दोन स्वल्पविराम दिसतात. आजारात स्वल्पविरामाची शेपटी जाते आणि टिंब उरतं, आधी एका बाजूला, लक्षणं असलेल्या हाताच्या विरुद्ध. ती शेपटी म्हणजे पुटामेनचा मागचा भाग, अंगवळणाची खोली. गॅसच्या गोळीने आलेला मंदपणा असेल तर स्वल्पविराम शाबूत असतात, इसेन्शियल ट्रेमरमध्येही. पण पार्किन्सन्स आणि त्याचे वेगाने बळावणारे चुलत आजार यांतला फरक हे चित्र सांगू शकत नाही. निदान तपासणीतून पक्कं झालेलं असेल तर या स्कॅनवर पैसे घालवू नयेत, असं माझं मत आहे.

औषधाबद्दल मोठी भीती अशी की लेव्होडोपा (गोळीतलं डोपा) लवकर सुरू केलं तर ते ‘संपून जातं’. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना ते लगेच दिलं, काहींना ४० आठवड्यांनी. ८० व्या आठवड्याला दोन्ही गट सारखेच होते. उशिरा घेऊन काही शिल्लक पडत नाही, मधले महिने तेवढे आखडत जातात. गोळीतली खरी मेख सोबतच्या कार्बिडोपात आहे. तो लेव्होडोपाचं मेंदूबाहेर डोपामीन होऊ देत नाही. पाकिटावर ११० असेल तर लेव्होडोपा १०० आणि कार्बिडोपा १० मिलिग्रॅम. १२५ असेल तर १०० आणि २५. दिवसाला ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतो, म्हणजे ११० च्या तीन गोळ्यांत तो अपुराच पडतो आणि मळमळ होते. मग घरात असलेली उलटीची गोळी दिली जाते, ती नेमकी मेटोक्लोप्रमाइड निघते, आणि एका हाताने दिलेलं दुसऱ्याने काढून घेतलं जातं. अशा वेळी डॉक्टर डॉम्पेरिडोन देतात, तेही हृदयाचं पाहून. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यावी. लोहाची गोळी तिच्यासोबत घेऊ नये. डाळ-दूध-पनीर सोडण्याची सुरुवातीच्या वर्षांत सहसा गरज नसते. आणि लेव्होडोपाची गोळी अचानक बंद कधीच करायची नाही.

उरलेली वाट लक्षाची आहे. मागची खोली अंधारली तरी पुढच्या खोलीतून काम करून घेता येतं. पाऊल घासायला लागलं की ‘टाच आधी’ असं मनात म्हणायचं. फरशीच्या सांध्यावर पाऊल टाकत चालायचं. एक-दोन मोजायचं, किंवा भजनातल्या टाळासारखा ठेका मनात धरायचा. वळताना जागेवर गिरकी न घेता अर्धवर्तुळात वळायचं. लिहायला दुरेघी वही. बोलणं आणि हातात भरलेला पेला घेऊन चालणं एकाच वेळी करायचं नाही, कारण लक्ष एकच आहे आणि पूर्वी फुकट होणारी चाल आता त्याच्याच खिशातून चालते. संध्याकाळी हा माणूस काही न करता थकलेला दिसतो, तो दिवसभर चालण्याकडे लक्ष देऊन.

डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्यावीत, गॅसची धरून. दोन-तीन वर्षांपूर्वीची सही आणि आजची सही न्यावी. आणि चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ: मागून काढलेला, संपूर्ण अंग दिसेल असा, जमल्यास बाजारात जाताना कुणाशी तरी बोलत असतानाचा. काढताना ‘नीट चाला’ किंवा ‘हात हलवा’ म्हणू नये. म्हटलं की हात हलेल.